या आठवड्यात काय झालं नाही?

"अक्का, तू एकदा सुरतेला जाऊन ये."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेदहाला भावाचा फोन आला. मोठ्या बहिणीला अक्का म्हणायची आमच्या घरातली पद्धत आजीपासूनची, आजी गोकाककडची. भाऊ चिडला की मराठीत बोलतो आणि घाबरला की कानडीत. त्या रात्री त्याचं निम्मं बोलणं कानडीत चाललं होतं. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, सुरतेत पीएच.डी. करते. तिसरं वर्ष चालू आहे. "सोडून घरी येते म्हणते. का म्हणून विचारलं तर नुसती रडते. तू शिकलेली आहेस, तुला कळेल."

मी शिकलेली आहे म्हणजे एम.ए. आहे आणि वीस वर्षं इथल्या कॉलेजात शिकवते आहे. पण भाचीचं दुखणं मला कळेल, हे भावाला वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं. त्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. ते पुढे सांगते.

भाचीनं सुरत का निवडली हेही सांगायला हवं. आमचं माहेर बेळगावच्या वडगावातलं. आजोबांचे माग होते. सुरतेची स्वस्त साडी बाजारात आली आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतली खटखट एकेक करून थांबली. "ज्या सुरतेनं आपले माग बंद पाडले ती सुरत मला बघायची आहे," असं भाची म्हणाली होती. तिचा विषय आहे तिथल्या मागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांतल्या मुलांची भाषा. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत आणखी काही. सुरत महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. आपल्या सीमाभागातल्या मुलीला हा विषय सुचावा यात नवल ते काय?

चुकीचा प्रश्न

संक्रांत उरकून मी रजा टाकली आणि म्हैसूर-अजमेर गाडीत बसले. पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, कुंदा आणि गोकाकचा करदंट. सुरत स्टेशनवर भाची घ्यायला आली होती. बारीक झाली होती. "ऊटा आतेन, आत्या?" असं तिनंच मला विचारलं. जेवलीस का, हे खरं तर मी तिला विचारायला हवं होतं.

विद्यापीठाजवळ, उधना-मगदल्ला रस्त्यालगतच्या एका सोसायटीत चौघी संशोधक मुलींनी मिळून फ्लॅट घेतला आहे. एक आमची. एक विजापूरची, घरी कानडी बोलणारी. एक लिंबायतमध्ये वाढलेली, मूळची जळगावकडची. एक नवसारीची गुजराती. नावं मुद्दाम देत नाही. चौघींचे विषय वेगळे, मार्गदर्शक वेगळे, पण गॅस एक आणि फ्रिज एक.

पहिल्याच रात्री जेवताना मी तो प्रश्न विचारला, जो आपण सगळेच विचारतो. "मग, कधी संपणार तुझं?"

भाचीनं ताट उचललं आणि आत गेली. विजापूरची मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, हा प्रश्न आमच्या घरात बंद आहे." तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे एक कागद चिकटवला होता. त्यावर मराठी, गुजराती, कानडी आणि इंग्रजी अशी खिचडी होती. पहिलंच वाक्य होतं: 'कधी संपणार, हे विचारायचं नाही.'

रविवारची बैठक

दुसरा दिवस रविवारचा. संध्याकाळी नवसारीच्या मुलीनं पोंक आणला. कोवळ्या ज्वारीचा तो आपला हुरडाच. विजापूरची मुलगी त्याला सीतनी म्हणते. त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव. चौघी फरशीवर गोल बसल्या. मला वाटलं, गप्पा मारायला बसल्या. पण ती त्यांची बैठक होती. दर रविवारी असते. प्रत्येकीनं पाच मिनिटांत सांगायचं, या आठवड्यात काय करायचं ठरवलं होतं आणि त्यातलं काय झालं नाही.

काय झालं हे नाही विचारायचं. काय झालं नाही, ते!

मला गंमत वाटली. कारण विचारलं तेव्हा लिंबायतची मुलगी म्हणाली, "झालेलं सगळेच सांगतात, मावशी. न झालेलं मनात राहतं आणि कुजतं."

तिनं स्वतःपासून सुरुवात केली. शाळेच्या परवानगीचं पत्र आणायचं राहिलं. नवसारीच्या मुलीनं सांगितलं, दोन लेख वाचायचे होते, एकच झाला, कारण मावसबहिणीचं लग्न. विजापूरची म्हणाली, तीन दिवस काहीच लिहिलं नाही, आणि त्याला काहीही कारण नाही. कोणी हसलं नाही, कोणी उपदेश केला नाही. फक्त पुढच्या रविवारपर्यंत काय, ते वहीत टिपलं गेलं.

भाचीची पाळी आली. ती म्हणाली, "मी पुढच्या वेळी." वहीत मागे पाहिलं तर गेल्या आठ रविवारी तिच्या नावापुढे हेच होतं.

मग नवसारीची मुलगी सहज म्हणाली, "आत्या, तुमे कहो ने. तुम्ही सांगा. तुमचं काय झालं नाही?"

आता वाचकहो, प्रश्न चेष्टेचाच होता. मीही हसून वेळ मारून नेऊ शकले असते. पण भाची माझ्याकडे बघत होती. आणि मी सांगितलं.

मी २००८ साली पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय मनाजोगता, मार्गदर्शक सज्जन. दोन वर्षं वाचन केलं. पहिलं प्रकरण लिहिलं आणि ते मला स्वतःलाच आवडलं नाही. म्हटलं, नीट करून मग दाखवू. नीट करता करता सहा महिने गेले. मग सरांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. त्यांचा फोन आला की मी वर्गावर असायची, वर्ग नसला तरी. घरी कोणी विचारलं की म्हणायची, "चालू आहे." चार वर्षं मी 'चालू आहे' म्हणत होते. २०१२ साली नोंदणी आपोआप संपली. ती पस्तीस पानं त्या सरांनी कधी पाहिलीच नाहीत. फाईल माळ्यावर आहे. नवऱ्याला वाटतं कॉलेजच्या कामामुळे राहून गेलं. तसं मीच सांगितलं होतं.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग विजापूरच्या मुलीनं वही उघडली आणि विचारलं, "पुढच्या रविवारपर्यंत काय लिहू, मावशी?"

एक लपवलं की दुसरं

त्या रात्री भाची माझ्या शेजारी गादी टाकून झोपली आणि अंधारात बोलायला लागली. साठ घरांत जाऊन तिनं माहिती गोळा केली होती. बाराबारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसांच्या वेळा सांभाळून. पण हाती आलेली माहिती आधी मांडलेल्या गृहीतकाशी जुळेना. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिनं धरलं. प्रकरण लिहिलं, पण मार्गदर्शकांना दाखवलं नाही. मग त्यांना भेटणं टाळायला लागली. तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर दर महिन्याला त्यांची सही लागते. भेटच टाळल्यावर सही कुठून? कागद गेला नाही, पैसे थांबले. चार महिने. ते घरी सांगायची सोय नाही, कारण बाबा विचारणार, का थांबले? मग एक वेळ जेवण कमी. मग मैत्रिणींना सांगायची लाज. आणि शेवटी, "सोडून घरी येते."

एक प्रकरण लपवलं, त्यातून केवढं हे घडलं! हुशारी कमी पडली नव्हती, मेहनतही कमी पडली नव्हती.

सकाळी तिनं मैत्रिणींना तेच सांगितलं. विजापूरची मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो! माहिती जुळत नाही, हाच तर तुझा अभ्यास आहे. जुळली असती तर साठ घरं हिंडायची गरज काय होती?" हे वाक्य कोणत्याही मार्गदर्शकानं सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी त्यांच्यासमोर जावं लागतं. मैत्रिणीसमोर दात घासतानाही सांगता येतं.

फ्रिजवरचा कागद

त्या कागदावरचं बाकीचं मी उतरवून आणलं आहे. ज्या घरांत कोणी संशोधन करतं आहे, त्यांना उपयोगी पडेल.

अर्धं प्रकरण दाखवा, पूर्ण होण्याची वाट बघू नका. मार्गदर्शकांशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ठरलेलं चार ओळींत लिहून त्यांना पाठवा; पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' असा घोळ होत नाही. सकाळचे पहिले दोन तास लिहायचे, फोन दुसऱ्या खोलीत. वाचताना टिपण काढलं की पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. शेवटच्या महिन्यात एका अवतरणाचं पान शोधत ग्रंथालय पालथं घालणं फार महाग पडतं. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय वहीतसुद्धा उतरवायचं नाही, कारण सहा महिन्यांनी ते आपलंच वाटायला लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध परत येतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

नियम स्वतः वाचा, हेही होतं. २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं घेता येतात, आणि महिलांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही समिती म्हणजे परीक्षा नव्हे, अडलेलं सांगायची ती हक्काची जागा आहे, असं मुलींचं म्हणणं.

पैशाचं स्पष्ट लिहिलं होतं. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. ऐकायला बरं वाटतं, पण ती सगळ्यांना मिळत नाही, आणि कोणतीही शिष्यवृत्ती महिन्याच्या एक तारखेला येईलच असं धरून चालता येत नाही. म्हणून तीन महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय नवा फोन नाही, आणि पैसे थांबले तर पहिल्याच महिन्यात घरी सांगायचं. शेवटची ओळ कानडीत होती. अर्थ असा: उपाशी राहून कोणी पंडित झालेलं नाही.

तीन प्रती आणि एक आग

सोमवारी मुलींनी मला विद्यापीठ दाखवलं. १९६७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला २००४ पासून वीर नर्मद यांचं नाव आहे. नर्मद म्हणजे सुरतेचे कवी नर्मदाशंकर दवे. त्यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. पुढे पैशाची ओढाताण सोसत एकट्यानं गुजराती शब्दकोश रचला, तो 'नर्मकोश'. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्यांनी कोश पूर्ण होईपर्यंत दडवून ठेवला नाही; आधी भागाभागानं छापला आणि मग १८७३ साली संपूर्ण काढला. अर्धं प्रकरण दाखवा, हेच की!

त्याच आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी ती १९६९ साली उभारली. देसाई हे मुंबईच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचे विद्यार्थी. घुर्ये मूळचे मालवणचे. आपल्या इरावती कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी, आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवासही. पुढे देसाई आणि श्रीनिवास बडोद्याच्या विद्यापीठात एकत्र होते. मराठी, कानडी आणि गुजराती माणसं एकाच गुरूकडे शिकली, हे मला ठाऊक होतं. पण सुरतेत उभं राहून ते निराळंच वाटलं.

श्रीनिवासांची गोष्ट मी मुलींना सांगितली. म्हैसूरजवळच्या एका गावात त्यांनी १९४८ साली राहून अभ्यास केला होता. त्या टिपणांवर अनेक वर्षं काम करून त्यांनी तीन प्रती केल्या. २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या केंद्राला जाळपोळ करणाऱ्यांनी आग लावली आणि तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही तिथेच होत्या. अशा वेळी सोल टॅक्स या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांना सुचवलं की आता आठवेल तसं लिहा. त्यातून १९७६ साली 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हे पुस्तक आलं आणि ते गाजलं. एवढ्या मोठ्या विद्वानालाही त्या दिवशी हवी होती ती बरोबरीच्या माणसाची एक सूचना.

लिंबायतची मुलगी मात्र व्यवहारी. तिनं त्याच रात्री कागदावर नवी ओळ लिहिली: 'एका जागी ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत.' आता लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक आणि स्वतःलाच ई-मेलनं पाठवलेली एक, अशी त्यांची रीत आहे. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही, हेही ठरलं.

घरच्यांसाठी

देसाई यांचा एक अभ्यास आपल्या सगळ्यांच्या घरात लागू पडतो. सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या कुटुंबांवर त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. एका छताखाली राहतात म्हणून कुटुंब एकत्र, असं त्यांनी मानलं नाही. चुली वेगळ्या, गावं वेगळी, तरी देणं-घेणं, जबाबदाऱ्या आणि नाती जुळलेली असली तर ते घर एकत्रच असतं, असं त्यांनी दाखवलं.

परतीच्या गाडीत मी हेच घोळवत होते. भाची बाराशे मैलांवर असती किंवा शेजारच्या खोलीत असती, तरी 'पैसे थांबले आहेत' हे तिला आम्हाला सांगता आलं नसतं. कारण आम्ही तसा प्रश्नच विचारत नव्हतो. आम्ही विचारत होतो, कधी संपणार? नोकरी कधी? स्थळं बघायची का? या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर असतं: "चालू आहे."

त्यापेक्षा असं विचारा: कशावर अडलं आहे? जेवायला काय केलंस? बरोबरच्या मुली कोण आहेत? संशोधन करणाऱ्या मुलामुलीला मार्गदर्शक एक असतो, पण सोबती चार लागतात. ते फ्लॅटमध्ये असोत, ग्रंथालयात असोत की चहाच्या गाडीवर. प्रवेश घेताना आपण विद्यापीठाचं नाव बघतो, फी बघतो. हेही बघावं. आणि सोबती नसतील तर दोघांनी मिळून रविवारी बसायला सुरुवात करावी. खर्च चहाचा.

बेळगाव स्टेशनवर भाऊ आला होता. "एनातु, अक्का?" काय झालं? मी म्हटलं, ती येत नाही, पण तू तिला पैसे पाठव, आणि का थांबले ते ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नकोस. भावाला ते जड गेलं. पण त्यानं ऐकलं.

भाचीनं त्याच आठवड्यात प्रकरण मार्गदर्शकांना दिलं. दहा दिवसांनी परत आलं. आठ पानं रद्द, बाकीच्या पानांवर लाल शाई, आणि शेवटी लिहिलेलं, 'हे आधी का नाही आणलंस?' कागदावर सही झाली. पैसे अजून यायचे आहेत. तिचं पुढे काय होईल, पुरं होईल की नाही, मी सांगू शकत नाही. आता रविवारी रात्री भाऊ फोन करतो आणि विचारतो, "या आठवड्यात काय झालं नाही?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणे पाच मिनिटं हसत होती, आणि मग अर्धा तास बोलली.

आणि माझं? त्या वहीत माझ्या नावापुढे विजापूरच्या मुलीनं लिहिलं होतं, 'काकांना सांगणे.' मी आले त्याच रात्री माळ्यावरची फाईल खाली काढली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता. चष्मा काढून म्हणाला, "मला ठाऊक होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

बारा वर्षांहून अधिक काळ आम्ही दोघंही थांबलो होतो. माझी पीएच.डी. आता होणार नाही. पण ती पस्तीस पानं मी भाचीला पाठवली आहेत. वाचून सांगते म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत.